पत्र्याचं झाकण

"जाय की मेल्या! कावून चिकटून बसलास?"

न्हाणीतून आवाज आला तेव्हा सत्यभामा धुण्याची पाटी कमरेवर घेऊन बाहेर उभी होती. मधे फक्त पोत्याचा पडदा. आत तुळजाबाईंशिवाय कुणी नव्हतं, म्हणजे सासूबाई माणसाशी नव्हे, डागाशी भांडत होत्या. दगडावर ओलं लुगडं घासल्याचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा.

"थंड पानी दिलं, मीठ चोळलं. आता काय गूळ-शेंगदाने देऊ तुला?"

एरवी सत्यभामा हसली असती. आज तिनं दोन पावलं मागं जाऊन पाटी मुद्दाम दगडावर आदळली. आतला आवाज लगेच बंद झाला.

"कोन हाय?"

"मी हाय आत्याबाई. धुनं आनलंय."

"ठिव तिथं. माझं मी पिळलंय."

तुळजाबाई बाहेर आल्या त्या पिळलेलं लुगडं काखेत घट्ट दाबून. सुनेकडं बघितलं नाही. अंगणातल्या तारेकडं न जाता त्या कोठीच्या मागं गेल्या. पूर्वी तिथं कडब्याची गंजी असायची. आता तिची नुसती गोल जागा उरली होती. तिथल्या बाभळीला त्यांनी एक दोरी बांधून घेतली होती. त्या दोरीवर फक्त त्यांचंच लुगडं वाळायचं.

पोळ्यापासून हे चाललं होतं.

दुष्काळात या घरात धुण्याचीही पंगत बसायची. एका मोठ्या टोपात पाणी घ्यायचं. पहिल्या पंगतीला मामंजींची धोतरं आणि टोप्या, दुसरीला बायकांची लुगडी, तिसरीला पोरांचे कपडे आणि सगळ्यात शेवटी नवऱ्याचे, रामकिसनचे, शेतातले. तोवर पाण्याचा काढा झालेला असायचा. तो लिंबाच्या झाडाला. पोळा झाला आणि तुळजाबाईंनी आपलं लुगडं या पंगतीतून उठवून घेतलं. 'माझं मी धुईन,' एवढंच बोलल्या. त्यासाठी लागणारं पाणी त्या आपल्या अंघोळीतून वाचवायला लागल्या. आधी दिवसाआड अंघोळ, मग जमेल तेव्हा. अंघोळीशिवाय ज्या बाईनं कधी चुलीला हात लावला नव्हता, ती आता 'तूच टाक गं भाकरी, माझे गुडघे दुखतेत,' म्हणून पोत्यावर बसून राहायची.

एकदा वाऱ्यानं ते लुगडं उडून बाभळीत अडकलं. काढायला सत्यभामा गेली. डाग धुतलेला होता, पण धुतलेला डागही बाईला ओळखू येतो. सासूबाईंची पाळी जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती. सत्यभामेनं लुगडं होतं तसं दोरीवर टाकलं आणि येऊन भाकरी थापायला बसली. त्या दिवशी भाकऱ्या करपल्या, आणि का करपल्या हे कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं तिला उगाच वाटत राहिलं.

तलवाड्याची तिची कडूमावशी अशीच गेली. आधी डाग, मग 'उष्णता झालीय' म्हणून सब्जाचं पाणी, मग कंबर, मग खाटेवरून उठणंच बंद. शेवटी दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टरनं घरच्यांना बाहेर बोलावून एकच विचारलं होतं, इतके दिवस तुम्ही काय करत होतात? सत्यभामा तेव्हा भिंतीला टेकून उभी होती.

आणि आता घरात धुण्याचं मशीन येणार होतं.

ते मागितलं तुळजाबाईंनीच. मिक्सरच्या चटणीला करंटचा वास येतो म्हणणाऱ्या बाईनं संक्रांतीला भर ओट्यावर सांगितलं, "धुन्याचं मशीन घ्या. सत्तीचे हात किती फुटलेत ते बगा." सगळं घर हेलावलं. गल्लीतल्या बायका सत्यभामेला म्हणाल्या, लई नशीबवान हायेस बाई. सत्यभामा एकटी घाबरली. आजवर लुगडं दोरीवर तरी दिसत होतं. मशीनमधून कापड पिळून जवळजवळ वाळलेलंच बाहेर येतं म्हणे. मग कोठीच्या आत दोरी बांधली की झालं. डाग वाढतोय का कमी होतोय, तेही कुणाला कळायचं नाही. झाकण पडलं की पडलं.

*

दुपारी अंगणात दोन मशिनं समोरासमोर उभी राहिली. दोन्ही जुनी, दोन्ही दोन टबांची. एका टबात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं. पाणी बादलीनं ओतायचं आणि हवं तर तेच पुन्हा वापरायचं.

पहिलं होतं सहकारी सूतगिरणीच्या गेस्टहाऊसचं. मामंजी, अर्जुनराव, कधीकाळी त्या गिरणीचे संचालक. कापूस पिकायचा थांबला, गिरणी थांबली, आणि गेस्टहाऊसचं सामान लिलावात निघालं तेव्हा कुणी खुर्च्या नेल्या, कुणी पंखे. अर्जुनरावांनी हे उचललं. हिरव्या रंगाचं, आख्खं पत्र्याचं, मंत्र्यासंत्र्यांच्या चादरी धुतलेलं. झाकणही पत्र्याचंच, तिजोरीच्या दारासारखं जड.

दुसरं तुळजाबाईंच्या भावाचं. मोहनरावांनी ते परळीहून पिकअपमध्ये घालून आणलं होतं, आणि त्याच पिकअपमध्ये परळीला दिलेली भाची, म्हणजे तुळजाबाईंची लेक सिंधू, माहेराला आली होती.

"आक्का!" मोहनराव उतरताच ओरडले. परळीच्या थर्मल वीजकेंद्राच्या घरघरीत आयुष्य काढल्यामुळं ते कुजबुजले तरी शेजारच्या घरात कळायचं. "लई वाळलीस गं! काय झालं काय?"

"दुष्काळ हाय मामा," रामकिसन म्हणाला.

"ऊन हाय," सिंधू म्हणाली.

"उपास चालू हायेत त्यांचे," सत्यभामा म्हणाली.

तिघं एकदमच बोलले. तिघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि लगेच तिघांनीही मशीनकडं पाहिलं.

"आता यात निवडायचं काय हाय?" मोहनरावांनी आपल्या मशीनवर थाप मारली. "हे घ्या. तुमच्या मामीनं, विमलनं, लई वर्षं वापरलं. ती गेल्यापसून माझं धुनं ते किती? दोन बंड्या अन् एक लुंगी. मशीन म्हनतंय, मोहनराव, चेष्टा करताय का माझी?"

सगळे हसले. तुळजाबाईही हसल्या, पण पोत्यावरून उठल्या नाहीत. शेजारी खाट मोकळी होती.

"नवं ऑटोमॅटिक का न्हाई घेत, दादा?" सिंधूनं भावाला विचारलं. "बीडला हप्त्यावर मिळतंय."

"त्याला नळ लागतो बाई. आपल्या नळात आता सरडा राहतोय." रामकिसननं हात झटकला. "अन् एका धुन्याला ते जेवढं पानी पितंय ना, तेवढ्यात आपला आठवडा निघंल. टँकरवाला काय मशीन बघून जास्तीचं सोडनार हाय का? हेच बरं. ओता, धुवा, परत ओता."

"मग परळीचंच घ्या."

"परळीचं पलास्टिकचं हाय. अण्णांचं बग, कसं मजबूत हाय. गिरनीचं हाय म्हनून न्हाई म्हनत मी—"

"त्याच्यासाठीच म्हनतोयस बे तू भाच्या," मोहनराव म्हणाले. "बाप संचालक होता म्हनून मशीन बी संचालक झालं का?"

रामकिसन हसला, पण त्याचं लक्ष बोलण्यात नव्हतं. महिनाभरापूर्वी तो आईला ट्रॅक्टरवर बसवून चारा छावणीत जनावरं दाखवायला घेऊन गेला होता. परत आल्यावर आई उतरून घाईनं आत गेली आणि शेजारच्या बैठकीवर त्याला काळपट ओला ठिपका दिसला. त्यानं गमज्यानं तो पुसला. ग्रीस असंल, तो स्वतःशी म्हणाला. गमजाही त्यानं घरी धुवायला टाकला नाही. बांधावर खड्डा करून पुरला. ग्रीस लागलेला गमजा कुणी पुरत नाही, हे त्याला तेव्हाही माहीत होतं. तेव्हापासून तो दूध सोसायटीच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसायचा. सोसायटीत दूध येत नव्हतं, माणसं येत नव्हती. सचिव म्हणून त्याला तिथं काही काम नव्हतं. पण घरी आईसमोर बसणं त्याला जमेना.

*

आधी परळीच्या मशीनची चाचणी झाली. सकाळीच टँकर येऊन गेला होता, म्हणून दोन बादल्या पाण्याची परवानगी अर्जुनरावांनी नुसती मान हलवून दिली. मोहनरावांनी वायर ओट्यावरच्या बोर्डात लावली, रामकिसनचे दोन सदरे आत टाकले आणि निळं, आरपार दिसणारं झाकण लावलं. चक्री फिरली. सदऱ्यांच्या बाह्या पाण्यात वर येऊन हात हलवायला लागल्या.

"बग आई, कसं दिसतंय!" सिंधू पोरीसारखी वाकून बघत होती. "आत काय चाललंय समदं कळतंय."

तुळजाबाई म्हणाल्या, "हां."

"जवळ ये की."

"हितून दिसतंय मला. लई दिसतंय."

सिंधूनं मागं वळून आईकडं बघितलं. आल्या आल्या तिनं आईला मिठी मारली होती, तेव्हा पदराला कापराचा वास आला होता. साधा नाही, वड्या कनवटीला बांधून ठेवाव्यात इतका. कसर लागू नये म्हणून ठेवत असंल, असं सिंधूनं ठरवून टाकलं होतं. तिच्या स्वतःच्या सासरी कसर लागली तेव्हा तिनं कापूर ट्रंकेत ठेवला होता, अंगावर नव्हे. पण ठरवलं होतं ते तिनं मोडलं नाही.

"ठरलं तर मग," मोहनराव म्हणाले.

"मला इचारलं का कुनी?" सत्यभामा इतका वेळ खांबाशी उभी होती. ती पुढं आली. "धुनं मी करते ना या घरात? मग मी म्हन्ते, मशीनच नको. कोनतंच नको."

सगळे तिच्याकडं बघत राहिले.

"वैनी, बरी हायेस ना तू?" सिंधू म्हणाली. "हात बग तुपले."

"हात माझे हायेत. मला चालतंय. आत्याबाईंचं लुगडं बी हितून फुडं मीच धुनार. पहिल्यासारखं. समद्यांच्या संगट."

अंगणात एकदम शांतता झाली. मोहनरावांना ती कसली, ते कळलं नाही. सुनेनं सासूची सेवा करते म्हटलं तर लोक गप्प का व्हावेत?

"माझ्या लुगड्याचं नाव काढू नकोस," तुळजाबाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "घरातलं समदं तुला दिलं. किल्ल्या दिल्या. चूल दिली. आता अंगावरच्या लुगड्यावर बी हक्क सांगनार हायेस का?"

"तसं न्हाई आत्याबाई—"

"मग कसं?"

सत्यभामेनं तोंड उघडलं. समोर मामंजी खाटेवर बसलेले, मामेसासरे उभे, नवरा उभा. शब्द जिभेवर होता आणि तो या सगळ्यांसमोर काढायचा म्हणजे सासूला भर अंगणात उघडं करण्यासारखं होतं. तिनं तोंड मिटलं.

"जगातली पहिली सून असंल," रामकिसन ओरडला, "सासू मशीन देतीय अन् ही नको म्हनतीय! तुला पडलंय काय एवढं? आँ?"

त्याच्या ओरडण्यात जरा जास्तच जोर होता. सत्यभामेनं त्याच्याकडं पाहिलं आणि तिला कळलं, की यालाही ठाऊक आहे. तिची भीती कमी व्हायला हवी होती, दोघांत वाटली गेली म्हणून. ती दुप्पट झाली. आपल्या एकटीच्या डोळ्यांचा भ्रम असेल, ही शेवटची सोयही गेली.

*

चहाच्या निमित्तानं ती आत आली. मागोमाग तुळजाबाई आल्या, भिंतीला धरून.

"चाराचौघांत तसं बोलायचं नव्हतं मला," त्या म्हणाल्या. "लागलं असंल तुला."

"न्हाई लागलं." सत्यभामा साखरेचा डबा उगाच उघडून बंद करत होती. "आत्याबाई, वडवनीला बाईडॉक्टर आल्यात म्हन. नव्या. बाईच हाय, तपासाय बी, समदं बी."

"येऊ दे की."

"माझी कंबर दुखतीय. मी जानार हाय. तुमी चला की संगट. मला एकटीला भ्या वाटतंय."

तुळजाबाईंनी सुनेकडं बघितलं. हिची कंबर दुखत नाही हे त्यांना माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे हिला माहीत आहे, हेही कळलं. क्षणभर त्यांना वाटलं, इथंच, चुलीपुढं, या पोरीच्या खांद्यावर डोकं टेकवावं. कोठीत, अंधारात, एकटीनं घडी घालून घालून त्या थकल्या होत्या. जुनं लुगडं फाडायचं, घडी करायची, धुवायची, पुन्हा तीच. तरणेपणी हे सगळं करताना कधी भ्या वाटलं नव्हतं; महिन्याचं येणं-जाणं होतं ते. आता येणं होतं, जाणं नव्हतं.

पण डोकं टेकवलं की ही विचारणार. विचारलं की सांगावं लागणार. सांगितलं की गाडी, दवाखाना, टेबल, वर घेतलेले पाय, परक्या माणसाच्या हातातला दिवा. आणि मग बाहेर येऊन कुणीतरी तो एक शब्द बोलणार. कडूबाईच्या मयताला त्या स्वतः गेल्या होत्या. तो शब्द तिथं ओट्यावर बसलेल्या बायकांनी तोंडावर पदर घेऊन उच्चारलेला त्यांनी ऐकला होता.

"रामकिसनला ने संगट," त्या म्हणाल्या. "माझं काय काम हाय तिथं?"

"आत्याबाई..."

"चहा उतू चाललाय."

चहा उतू जात नव्हता. सत्यभामेनं तरी तो खाली उतरवला.

*

चहा झाला आणि अर्जुनराव उठले. "आमचं बी चालवून बगा," ते म्हणाले. दिवसभरात एवढंच बोलले होते.

एकेकाळी गिरणीच्या वार्षिक सभेत माइक हिसकावून घेणारा माणूस. जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांना तोंडावर चोर म्हणाला होता. लोक अजून तो किस्सा सांगतात. घरात मात्र ते कमी बोलायचे, आणि पोळ्यापासून आणखी कमी.

या घराची रीत अशी, की देवघरात दिवा सून लावते. तिची अडचण असेल त्या दिवसांत सासू लावते. पोळ्यानंतर सत्यभामेची अडचण आली, तेव्हा संध्याकाळी देवघरात अंधार होता. अर्जुनराव उंबऱ्याशी थांबले. तुळजाबाई समोरच पोत्यावर बसल्या होत्या, शेंगा निवडत. त्यांनी मान वर केली नाही. म्हातारी झालेली बाई देवघराला शिवत नाही म्हणजे काय, हे कळायला अर्जुनराव लहान नव्हते. त्यांनी स्वतः वात सारली, काडी ओढली, दिवा लावला. पुढच्या महिन्यातही. त्याच्या पुढच्याही. त्यांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. रात्री खाटेवर पडल्या पडल्या ते जुळवाजुळव करायचे, की उद्या सकाळी म्हणू, चल बीडला. सकाळी वाटायचं, आपण बोललो की ते खरं होईल. न बोलता आहे तोवर ते नुसतं अंधारलेलं देवघर आहे.

मग तिनं मशीन मागितलं, आणि ते लिलावात जाऊन मशीन घेऊन आले. मशीनवर तिचं काम भागणार असेल तर भागू दे. इतकं त्यांना कळत होतं आणि इतकंच करायचं धाडस होतं.

परळीच्या मशीनमधलं पाणी नळीनं बादलीत काढून रामकिसननं गिरणीच्या मशीनमध्ये ओतलं. थोडं सांडलं, अंगणातल्या फरशीवर पसरलं. सदरे पुन्हा आत. मोहनरावांनी वायर लावली. मशीन घरघरलं, मग हादरलं, मग लयीत फिरायला लागलं. पत्र्याचं झाकण पडलं आणि आतलं काही दिसेनासं झालं.

तुळजाबाई पोत्यावरून उठल्या. दिवसभरात पहिल्यांदाच आपणहून जवळ आल्या.

"हे चांगलं हाय," त्या म्हणाल्या.

"थांब आक्का." मोहनरावांनी खिशातून टेस्टर काढला. जुन्या नोकरीची सवय. टोक पत्र्याला टेकवलं, आणि टेस्टरमधला तांबडा दिवा लागला.

"मागं व्हा! हात लावू नका कुनी. करंट उतरतोय बॉडीत."

"गिरनीवर तर कधी तक्रार नव्हती," अर्जुनराव म्हणाले.

"दाजी, गिरनीवर अर्थिंगच्या खड्ड्यात माळी रोज पानी सोडत असंल. जमिनीत ओल असली म्हंजे उतरलेला करंट जमिनीत जातो. तुमच्या जमिनीत ओल हाय कुठं? मग तो जानार कुठून? मानसातून."

"आपन बी टाकू की पानी," रामकिसन म्हणाला. "रोज एक हंडा, मिठाचा—" आणि तो मधेच थांबला. शेजारीपाजारी घागरीसाठी भांडत असताना हंडाभर पाणी जमिनीला पाजायचं? लोक दगड घेऊन आले असते.

"संपला विषय," मोहनराव म्हणाले. "वल्या पायानं बाई मशीनला शिवली की खलास. परळीचं ठिवा. हे भंगारात द्या."

"न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या. "मला हे पायजे."

"आई, ऐकलं न्हाईस का मामा काय म्हन्ले?" सिंधूचा आवाज चिरला. "त्या मशीनला काय झालंय? नवं दिसतंय, हलकं हाय, आतलं दिसतंय—"

"मला न्हाई बगायचं आतलं! अन् दुसऱ्या कुनी बी बगायचं न्हाई." मग जरा खाली येऊन, "ह्याचं झाकन चांगलं हाय. जड हाय."

"झाकनासाठी जीव देती का?" मोहनराव हसायला गेले. कुणीच हसलं नाही. ते गोंधळून एकेकाच्या तोंडाकडं बघायला लागले. रामकिसन जमिनीकडं बघत होता. सिंधूनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. सत्यभामा रडत होती, आवाज न करता.

"करंट बिरंट काय न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या. "लोखंड तापतंय, तुमाला वाटतंय करंट."

आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी चपला काढल्या, ओल्या फरशीवर अनवाणी पाय ठेवला आणि उजव्या हाताचा पंजा झाकणावर सपाट टेकवला.

"बगा," त्या म्हणाल्या. "कुठं काय हुतंय?"

त्या हसत होत्या. मशीन घरघरत होतं. अर्जुनराव त्यांच्या अगदी समोर उभे होते. करंगळी थरथरत होती, तिच्यावरची शीर थरथरत होती, आणि ती थरथर कोपरापर्यंत चढत चालली होती. हसू मात्र जागचं हललं नाही. दात इतके घट्ट मिटलेले, की गालाचं हाड वर आलं होतं.

"आत्याबाई, हात काढा!"

"काय बी हुत न्हाई. हेच ठिवा. मी रोज हात लावीन. हेच ठिवा."

"आई, तुझ्या पाया पडतो—"

अर्जुनरावांनी धावायला हवं होतं, पण ते चालत गेले. ओट्यावर चढले. बोर्डाचं बटण खाली केलं आणि पीन उपटून काढली. घरघर ओसरली, चक्री एकदोनदा पाण्यात फिरली आणि थांबली. तुळजाबाईंचा हात अजून झाकणावरच होता. आता तो थरथरत नव्हता, तरी त्यांनी तो उचलला नाही. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं आणि मान हलवली, अगदी थोडी. नको.

अर्जुनरावांनी ते पाहिलं. पोरगी उभी होती, सून उभी होती, आणि त्यांच्यादेखत या घराण्यातला कुणी पुरुष कधी असं काही बोलला नव्हता.

"हिच्या अंगावरून रगत चाललंय, मोहन," ते म्हणाले. "पाळी जाऊन इतकी वरसं झाली, अन् पोळ्यापसून रगत चाललंय. या घरात तुझ्याबिगर समद्यांना ठावं हाय."